पाचव्या माणसाचं पाणी
प्रकल्प नोंदी : घरच्या कूलरच्या पाण्याचा हिशेब, नंदनवन, नागपूर

11 फेब्रुवारी

पर्यावरणाचा पेपर सगळ्यांनाच द्यावा लागतो. बी.कॉम. असो की बी.ए., सुटका नाही. पहिल्याच तासाला मॅडमनी तो सक्तीचा कसा झाला ते सांगितलं. वकील एम. सी. मेहता सर्वोच्च न्यायालयात गेले, 1991 मध्ये न्यायालयानं पर्यावरण शिकवा म्हणून सांगितलं, आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगानं पदवीच्या सगळ्या शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. त्यात 50 तासिका, त्यांपैकी 5 तासिकांएवढं काम वर्गाबाहेर जाऊन करायचं.

शाश्वत विकासाची संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाची 1987 ची व्याख्या मी त्याच दिवशी पाठ केली. आजच्या पिढीनं आपल्या गरजा भागवाव्यात, पण पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का लागू देऊ नये. वाक्य पटलं. पण त्या वाक्यात आमचं घर कुठे बसतं ते मात्र कळेना.

18 फेब्रुवारी

आज विषय वाटप. तीन गटांनी नाग नदी घेतली, दोघांनी प्लास्टिक, एकानं फुटाळा तलाव. आमच्या चौघांच्या गटातर्फे मी उठून कूलर म्हटलं.

मॅडम म्हणाल्या, "कूलरचं काय करशील?"

"पाणी मोजीन."

"रोज मोजशील? मग घे."

हा विषय माझ्या डोक्यात 2019 पासून आहे. त्या वर्षी पाऊस लांबला, पेंच नदीवरचं तोतलाडोह धरण आटलं आणि जुलै महिन्यात नागपूरला एक दिवसाआड पाणी यायला लागलं. मी शाळेत होते. आजीनं घरातलं एकूण एक भांडं भरून ठेवलं होतं, अगदी कुकरचं आतलं भांडंसुद्धा. आणि बाहेर उकाडा तसाच. बाबा बादलीनं कूलर भरत होते तेव्हा आजी म्हणाली होती, "प्याले ठेवून राहिलो आपण, अन् तू त्याले पाजून राहिला." बाबा काही बोलले नाहीत. अर्धी बादली ओतून थांबले. त्या रात्री आम्ही गच्चीवर झोपलो.

पाणी कूलरला किती लागतं हे त्या दिवशी कोणालाच सांगता आलं नव्हतं. आम्ही सगळे अंदाजानं भांडत होतो.

2 मार्च

गटात कामाची वाटणी. एकीकडे वाचन, एकाकडे विजेचे आकडे, एकाकडे फाइल. मोजमाप माझ्याकडे, कारण पत्र्याचा मोठा कूलर माझ्या घरी आहे.

9 मार्च

कूलरच्या ताट्या, म्हणजे कडेच्या गवताच्या जाळ्या, भरून घेतल्या. दर वर्षी होळीच्या आगेमागे रस्त्याकडेला गवताचे ढीग पडतात, तिथेच काका बसून ताट्या भरून देतात. जुनं गवत काढलं तेव्हा ते हातात मोडत होतं, भाकरीच्या कडेसारखं. त्याच्यावर पांढरा थर बसलेला. मी नखानं खरवडला तर खडूसारखी भुकटी निघाली.

"हे काय आहे काका?"

"क्षार. पाणी उडून जाते, क्षार कुठं जाईल?"

वहीत पहिलं वाक्य हेच लिहून ठेवलं.

23 मार्च

मोजण्याची पद्धत ठरली. टाकीची आतली लांबी-रुंदी 60 बाय 60 सेंटिमीटर. म्हणजे पाण्याची पातळी 1 सेंटिमीटर उतरली की 3.6 लिटर गेलं. स्टीलची फूटपट्टी टाकीच्या आत उभी चिकटवली. पाणी येणारी नळी बंद करायची, एक तास कूलर चालवायचा, पट्टी वाचायची. एवढं सोपं आहे, पण मागचा पत्रा काढून टॉर्च घेऊन वाकावं लागतं, आणि पंप चालू असताना पाणी हलतं, म्हणून आधी पंप बंद करून मिनिटभर थांबायचं. पहिल्या दिवशी मी तसं केलं नव्हतं. ते तिन्ही आकडे खोडले.

आजी खुर्ची ओढून जवळ बसली. "काय मोजून राहिली वं?"

"कूलर किती पाणी पितो ते."

"सांग मंग मलेही."

3 एप्रिल

दहा दिवसांचे आकडे झाले. दुपारी 12 ते 6 कूलर तासाला 12 लिटरच्या आसपास पाणी घेतो, पट्टीवर 3.3 सेंटिमीटर. रात्री 10 ते सकाळी 6, हवा थोडी निवलेली असते, तेव्हा तासाला 7 लिटर. दुपारचे 72, रात्रीचे 56. एकूण 128.

शहरी पाणीपुरवठ्याच्या केंद्रीय नियमपुस्तिकेत माणशी दिवसाला 135 लिटर धरतात. आंघोळ, स्वयंपाक, कपडे, संडास, सगळं त्यात आलं. आमच्या घरात आई, बाबा, आजी आणि मी अशी चार माणसं. पाचवं माणूस खिडकीत बसलेलं आहे आणि ते जवळजवळ एका माणसाचं पाणी पितं. तेही नदीतून उचललेलं, गाळून, क्लोरीन घालून नळापर्यंत आणलेलं पिण्याचं पाणी.

मार्च-अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत सुमारे 80 दिवस कूलर चालतो. दहा हजार लिटरच्या वर. एक मोठा टँकर आमच्या खिडकीतून हवेत जातो.

हा आकडा मी आईला स्वयंपाकघरात जाऊन सांगितला. तिनं गॅस बारीक केला, पुन्हा सांग म्हणाली.

5 एप्रिल

मी कॉमर्सची. दोन पुस्तकांचा ताळा जुळला नाही तर मला झोप येत नाही. कूलरची नळी आमच्याकडे थेट नळाच्या लाइनीवर आहे, मीटरच्या पुढे. म्हणून काल रात्री सगळे झोपल्यावर 11 वाजता मीटर वाचला आणि पहाटे 5 ला पुन्हा वाचला. सहा तासांत कूलरला 42 लिटर लागायला हवे होते. मीटर म्हणतो 57.

15 लिटर कुठे गेले?

6 एप्रिल

सापडले. फ्लोट, म्हणजे टाकी भरली की नळी बंद करणारा तरंगता गोळा, वेळेवर बंद होत नाही. पाणी कडेच्या बारीक भोकाच्या वर चढल्यावरच नळी थांबते, म्हणून ते त्या भोकातून सतत भिंतीवरून खाली उतरतं. भिंतीवर हिरवं शेवाळ, खाली ओल, आणि त्या ओलीला आमचा कढीपत्ता हातभर वाढलेला. गल्लीतली तपकिरी कुत्री दुपारी तिथेच अंग टाकून पडलेली असते. तिला मी रोज पाहत होते, ती तिथेच का पडते हे कधी मनात आलं नाही.

खाली लिटरचा मग धरला. भरायला 24 मिनिटं लागली. तासाला अडीच लिटर, दिवसाला 60. कूलर बंद असला तरी. अर्ध्या माणसाचं पाणी.

वाईट वाटलं. हे भोक मागच्या उन्हाळ्यातही होतं आणि त्याच्या आधीच्याही.

7 एप्रिल

मिस्त्रीकाका आले. "वॉशर गेला बाई तुमचा. होऊन जाते." वीस रुपयांचा वॉशर, पाच मिनिटांचं काम. भिंत संध्याकाळपर्यंत कोरडी.

कुत्रीसाठी फाटकाजवळ मातीचं पसरट भांडं ठेवलं.

9 एप्रिल

भौतिकशास्त्र विभागातून दोन थर्मामीटर मागून आणले. एकाच्या टोकाला मलमलची ओली चिंधी गुंडाळली, तिचं दुसरं टोक वाटीतल्या पाण्यात. दोन्ही सावलीत टांगले. दुपारी 3 वाजता कोरडा 41 दाखवत होता, ओला 22. एकाच जागी, एकाच वाऱ्यात, मध्ये फक्त एक ओली चिंधी, आणि 19 अंशांचा फरक.

कूलरच्या तोंडाशी 27. म्हणजे त्या 19 अंशांपैकी 14 कूलरनं पकडले. नवं गवत, पाणी सगळीकडे सारखं झिरपतंय, म्हणून एवढं जमलं.

एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता लागते, ती हवेतून घेतली जाते. युनिटात बोलायचं तर पाऊण युनिटाला थोडी कमी. तासाला 12 लिटर म्हणजे 8 युनिटांएवढी उष्णता. आणि आमच्या कूलरचा पंखा आणि पंप मिळून वीज घेतात तासाला 0.2 युनिट. हे गणित मी तीनदा करून पाहिलं. थंड करण्याचं काम वीज करतच नाही, पाणी करतं. वीज फक्त वारा ढकलते. नागपूरची हवा कोरडी आहे म्हणून हे होतं. हाच कूलर मुंबईत खिडकीत लावला तर नुसता दमटपणा.

आजीला दोन थर्मामीटर दाखवले. तिनं चिंधीला बोट लावलं आणि वाळ्याच्या ताट्यांची गोष्ट सांगितली. तिच्या लहानपणी एका घरी दाराला वाळ्याची ताटी टांगायचे, तिच्यावर दर तासाला कोणीतरी तांब्यानं पाणी शिंपडायचं. "हेच हाय ते," ती म्हणाली. हेच आहे ते.

11 एप्रिल

आज एक गोष्ट लक्षात आली, ती मी सोडून देणार नाही, जरी माझ्या आधीच्या नोंदीला ती आडवी जाते.

रसायनशास्त्र विभागातून पाण्यातले विरघळलेले क्षार मोजायचं छोटं यंत्र आणलं होतं. फ्लोट दुरुस्त करायच्या आदल्या दिवशी नळाच्या पाण्यात लिटरला 210 मिलिग्रॅम क्षार होते, टाकीतल्या पाण्यात 640. आज, दुरुस्तीला चार दिवस झाल्यावर, टाकीतल्या पाण्यात 1,340. पाण्यावर पातळ पापुद्रा. ताटीच्या खालच्या कडेला पुन्हा तो पांढरा थर धरायला लागलाय, अवघ्या चार दिवसांत. पाण्याला वासही येतोय.

म्हणजे जी गळती मी उधळपट्टी म्हणून बंद केली, ती नकळत टाकी धूत होती. काकांनी सांगितलेलंच. पाणी उडून जातं, क्षार जात नाहीत. रोज 128 लिटरांचे क्षार 72 लिटरांच्या टाकीत उरतात. गळतीबरोबर ते थोडे बाहेर जायचे, आता कुठेच जात नाहीत.

मग काय, भोक पुन्हा उघडायचं? नाही. पण टाकी ठरावीक दिवसांनी रिकामी करायलाच हवी. आणि दुसरं कारणही आहे. डेंग्यूचा डास असल्याच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो. महापालिकेची माणसं कूलर उघडून अळ्या बघतात ती उगीच नाही. दर चौथ्या दिवशी टाकी रिकामी केली तर दिवसाला 18 लिटर पडतात. गळतीचे 60 होते. 42 वाचले, ताट्याही टिकतील, डासही नाही.

12 एप्रिल

टाकीचं काढलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून मी ते कुंड्यांना घातलं. तुळशीलाही.

15 एप्रिल

तुळशीची पानं कडांनी तपकिरी झाली. आजीनं हाक मारली. "माह्या तुळशीले काय घातलं वं तू?" मी सांगितलं. ती रागावली नाही, पण दिवसभर माझ्याशी फार बोललीही नाही. संध्याकाळी आम्ही दोघींनी कुंडीची वरची माती बदलली आणि नळाचं साधं पाणी भरपूर सोडलं.

क्षाराचं पाणी झाडाला घालू नये हे मला यंत्राच्या आकड्यावरून आधीच कळायला हवं होतं. 1,340 मी स्वतःच्या हातानं लिहिला होता. आता टाकीचं पाणी संडासात आणि अंगण धुवायला.

17 एप्रिल

गटातली मैत्रीण म्हणाली, "एवढं पाणी जातं तर एसीच बरा ना?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर मोजूनच द्यायचं ठरवलं. तिच्या घरी दीड टनाचा एसी आहे. आमच्या कूलरइतकेच 14 तास चालवला, मीटरचा फरक 15 युनिट.

आता ती वीज येते कुठून? नागपूरच्या उशाला कोराडी आणि खापरखेडा. दोन्हीकडे कोळसा. एका युनिटला अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो, आणि वाफ थंड करायला पाणीही लागतं. केंद्राच्या 2015 च्या अधिसूचनेत जुन्या औष्णिक केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटरची मर्यादा घातली आहे. तेवढं धरलं तर 15 युनिटांना 52 लिटर पाणी आणि दहा किलोच्या घरात कोळसा. आमच्या कूलरचे 2.8 युनिट, त्यांना 10 लिटर पाणी आणि दोन किलोच्या आत कोळसा, वर खिडकीतले 128 लिटर.

तेव्हा एसीही पाणी पितोच, फक्त आपल्या डोळ्यांसमोर पीत नाही. तो कमी पितो हे मात्र खरं, आणि मी ते फाइलमध्ये जसंच्या तसं लिहिलं. एक फरक अजून आहे. भांडेवाडीला शहराचं सांडपाणी शुद्ध होतं आणि तिथलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिलं जातं. म्हणजे आमच्या न्हाणीतून गेलेलं पाणी फिरून विजेच्या कामी येऊ शकतं. कूलरला मात्र ताजं, पिण्याचं पाणी. शुद्ध केलेलं पाणी वीज केंद्राला दिलं म्हणून तेवढं धरणाचं पाणी माणसांसाठी उरतं. ही साखळी मला पुस्तकातल्या सगळ्या आकृत्यांपेक्षा जास्त आवडली, कारण तिचं एक टोक आमच्या घरात आहे.

माझं मत कूलरच्या बाजूनं. दहा किलो आणि दोन किलो कोळसा यांतला फरक हवेत राहतो, कोराडीजवळच्या गावांना राखेच्या रूपानं सोसावा लागतो. एसी खोलीतली उष्णता गल्लीत टाकतो, आणि गल्लीत ज्यांच्याकडे काहीच नाही ते झोपतात. पण हे मत धरायचं तर कूलरचं पाणी जपून वापरणं माझ्याकडे लागलं. गळका कूलर चालवून कोळशावर बोलता येणार नाही.

20 एप्रिल

अवकाळी पाऊस. संध्याकाळी 6 ला कोरडा 31, ओला 25. कूलरच्या तोंडाशी 27. चारच अंश. पट्टी तासात एक सेंटिमीटरही उतरली नाही. खोलीत चिकचिक, चादरी दमट. मी पंप बंद करून नुसता पंखा ठेवला, बरं वाटलं.

मग मागच्या आकड्यांकडे गेले. 14 अंशांना 12 लिटर, 4 अंशांना साडेतीन. प्रमाण जवळजवळ तंतोतंत. दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या साधनांनी मोजलेलं, आणि ताळा जुळला. मी वही घेऊन बाबांकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही ओळी वाचल्या, आणि विचारलं, "मग दमट दिवशी आपण पंप उगाच चालवतो?" हो, उगाच.

21, 22, 23 एप्रिल

फाइल लिहिणं. हस्तलिखित हवी. बोटं दुखली.

28 एप्रिल

तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आधी व्याख्या विचारली. सांगितली. मग त्यांनी फाइल उघडली आणि खोडलेल्या तीन आकड्यांवर बोट ठेवलं. "हे का खोडले?" पाणी हलत होतं, वाचन चुकलं होतं, म्हणून. "नव्या कागदावर लिहून काढायचं होतं." मी म्हटलं, चुकलं ते दिसायला हवं असं मला वाटलं. त्यांनी मान हलवली, पुढच्या मुलाला बोलावलं. गुण कळायचे आहेत.

मॅडमना बाहेर भेटले. जे मनात होतं ते बोलले. हा पेपर सक्तीचा आहे ते बरोबरच आहे. पण सक्ती व्याख्येची झाली आहे. 50 पैकी 5 तासिका बाहेरच्या, आणि त्याही बहुतेक गट फोटो काढून संपवतात. उलट प्रत्येकानं आपल्या घरातली एक गोष्ट महिनाभर मोजायची सक्ती करा. एक महिना. कोणी गॅस मोजेल, कोणी कचरा, कोणी मीटर. मला ब्रुंटलँड आयोगाची व्याख्या कळली ती 6 एप्रिलला, भिंतीखाली मग धरून बसले होते त्या 24 मिनिटांत. 2019 साली आजी जे बोलली होती तेही तेव्हाच नीट ऐकू आलं.

मॅडम म्हणाल्या, "लिहून दे. पुढच्या बैठकीत मांडते." आज रात्री लिहायला बसणार आहे.

4 मे

दिलं लिहून. दोन पानं, आकड्यांसकट.

पारा चढलाय. दुपारी कूलर आता तासाला 14 लिटर घेतोय. काल टाकी रिकामी करायचा दिवस होता, मी विसरले होते, आजीनं आठवण केली. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिनं कोळशानं फुल्या करून ठेवल्यात, दर चौथ्या चौकटीत. तुळशीला खालून दोन हिरवे फुटवे आलेत.

समोरच्या काकूंची भिंतही ओली दिसते. उद्या सकाळी ऊन व्हायच्या आत त्यांचा फ्लोट बघायला जायचं. वॉशर दोन जास्तीचे आणून ठेवलेत.